अवयव हाती नसतानाही

शाळेत मूळ अवयव पाडायला शिकवतात ते बहुधा मसावि-लसाविच्या गरजेपुरते. दोनाने भाग जातो का, तिनाने जातो का, पाचाने? तेवढ्यात उदाहरण सुटते आणि मुलाच्या मनात एक समजूत घट्ट बसते की अवयव सापडले तरच संख्या संयुक्त म्हणायची. ही समजूत चुकीची आहे. तिच्यामुळे गणितातला एक विलक्षण विचार मुलांपर्यंत पोचतच नाही.

14,75,73,95,25,89,67,64,12,927 ही एकवीस अंकी संख्या म्हणजे दोनाचा 67 वा घात वजा एक. फ्रेंच धर्मगुरू मेर्सेन यांनी 1644 मध्ये ती मूळ संख्यांच्या यादीत घातली होती. 1876 मध्ये एदुआर ल्युका यांनी ती मूळ नसल्याचे सिद्ध केले, पण तिचा एकही अवयव त्यांना ठाऊक नव्हता! मूळ संख्येला ठरावीक आकडेमोडीत ठरावीक बाकी द्यावीच लागते. ती आली नाही की निकाल लागला. भागाकार करून पाहण्याची गरजच उरत नाही.

अवयव मिळायला आणखी 27 वर्षे गेली. 1903 मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल यांनी ते मांडले: 19,37,07,721 आणि 7,61,83,82,57,287. यासाठी तीन वर्षांचे रविवार खर्ची पडले, असे कोल यांनी सांगितल्याचे ई. टी. बेल यांनी लिहिले आहे. हे काम अंदाजपंचे करण्यासारखे नव्हतेच. या संख्येचा कोणताही मूळ अवयव 134 च्या पटीपेक्षा एकाने जास्त असावा लागतो. पहिल्या अवयवातून एक वजा करून 134 ने भागा, नेमके 14,45,580 येतात.

‘मूळ आहे का’ आणि ‘अवयव कोणते’ या दोन प्रश्नांमधल्या याच अंतरावर 1977 ची आरएसए ही सांकेतिक लेखनाची पद्धत उभी आहे. पहिल्या प्रश्नाला झटपट आणि खात्रीचे उत्तर देणारी रीत 2002 मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी जगाला दिली. दुसऱ्या प्रश्नाला साध्या संगणकावर तशी रीत अजून कोणालाही सापडलेली नाही.

हे सारे आठवी-नववीच्या वर्गात सांगता येण्याजोगे आहे, आणि ते सांगितलेच पाहिजे. सुरुवात 2047 पासून करावी. हा दोनाचा 11 वा घात वजा एक. इथे अवयव 22 च्या पटीपेक्षा एकाने जास्त हवा, म्हणून पहिलाच उमेदवार 23. भाग जातो, 89 उरतात. बावीस चोक अठ्ठ्याऐंशी आणि एक. असे का होते, हे मुले विचारतीलच. त्या उत्तरासाठी वेळापत्रकात एक पूर्ण तास राखून ठेवावा.