फुकटची गाडी

भाऊबीजेला पोलादपूरला ताईकडे जायचं आणि या वेळी आपल्या सायकलवरून जायचं, असं मी गणपतीत जाहीर केलं तेव्हा घरात कोणीच काही बोललं नाही. आमच्याकडे कोणीच काही बोलत नाही तेव्हा सगळ्यांनाच एकदम बोलायचं असतं, फक्त सुरुवात कोणी करायची ते ठरत नसतं. शेवटी वहिनीने विषयाला तोंड फोडलं. "भावोजी, तुम्हाला असं सायकलवरून आलेलं बघून ताईंच्या सासरचे काय म्हणतील? घरात गाडी असून पाठवली नाही म्हणतील!"

गाडी म्हणजे दादाची. माझी ती सायकल. खरं तर चाकं मोजली तर दोघींत फरक एकाच चाकाचा आहे. पण असो.

(नातेवाइकांनी पुढचा परिच्छेद गाळला तरी चालेल, त्यांना हे पाठ आहे.) मला दुसऱ्या वर्षी पोलिओ झाला, दोन्ही पाय गेले. महाडात आमचं झेरॉक्सचं दुकान आहे आणि घरापासून तिथपर्यंत मी हाताने फिरवायच्या तीनचाकी सायकलवरून जातो. छातीसमोर पायडल, ती दोन्ही हातांनी फिरवायची, तिथून चेन खाली पुढच्या चाकाला. वळायचं तर तोच खांब वळवायचा. मध्यंतरी मागे दोन जादा चाकं लावलेली स्कूटरही होती. २०२१ च्या जुलैत महाडला जो पूर आला त्यात दोन्ही वाहनं बुडाली. आम्हाला शेजारच्यांनी रात्री वरच्या मजल्यावर नेलं, मला पाठुंगळी. वाहनांना कोण नेणार? पाणी ओसरल्यावर स्कूटर कायमची गेली. सायकल मात्र पाइपाने धुतली आणि चालायला लागली. तेव्हापासून मला तिच्याबद्दल जरा आदर वाटायला लागला.

महाड ते पोलादपूर साधारण अठरा किलोमीटर. एसटीला अर्धा तास. मला मात्र एका वेळी सलग एक किलोमीटरच्या वर जायची कधी वेळच आली नव्हती. म्हणून भाद्रपदातच सायकल घेऊन आमच्या नेहमीच्या सायकलवाल्या चाचांकडे गेलो आणि म्हटलं, सगळी खोला.

चाचांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग सायकलकडे. "हिला कशाला पैसे घालता? पुढच्या शिबिरात नाव द्या, नवी मिळेल फुकट."

हा सगळा लेख त्या वाक्यासाठी लिहितो आहे.

सायकल मला एका शिबिरातच मिळाली, पुराच्या आधी काही वर्षं. मांडव, रांग, पुकारा, हार, फोटो. फोटोत मी सायकलवर बसलोय आणि माझ्या मागे अकरा माणसं उभी आहेत. (मोजली आहेत.) त्या अकरांपैकी एकानेही, बाबा रे, तुझे हात या पायडलपर्यंत नीट पोचतात का, असं विचारलं नाही. ते पोचत नव्हते. मी बुटका आहे, त्यामुळे प्रत्येक फेऱ्याला पुढे वाकावं लागायचं. रांगेत माझ्या पुढे एक चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा होता आणि मागे एक धिप्पाड काका. तिघांना एकाच मापाची सायकल. चपलासुद्धा आपण पायात घालून बघून घेतो हो! (ही उपमा मी द्यावी हा विनोद आहे, हसायला हरकत नाही.)

मी त्या वेळी का बोललो नाही? कारण फुकट मिळालं होतं. फुकटच्या वस्तूबद्दल तक्रार केली की माणूस कृतघ्न ठरतो. मग आपणच मागे उशी लावून घेतो, वाकायची सवय करून घेतो आणि सायकल कुरकुरायला लागली की तिचा तो स्वभावच समजतो. देणाऱ्याच्या लेखी ते दान, दुरुस्त करणाऱ्याच्या लेखी भंगार, आणि घरच्यांच्या लेखी माझी खुर्ची. वाहन ती कोणाच्याच लेखी नाही. वाहन म्हटलं की माप आलं, सर्व्हिसिंग आलं, सुटे भाग आले आणि ती लांब जाणार हे गृहीत आलं.

सरकारने काही केलं नाही असं मी म्हणत नाही. कृत्रिम अवयव आणि अशी साधनं बनवणारी कानपूरची एलिम्को १९७२ पासून आहे, ती साधनं लोकांना देण्याची केंद्राची ॲडिप योजना १९८१ पासून आहे. अशा योजना नसत्या तर माझ्यासारखे कितीतरी जण घरातच राहिले असते. पुढे २०१६ चा कायदा आला, आम्ही अपंगांचे दिव्यांग झालो. सायकल होती तशीच राहिली. माझं म्हणणं एवढंच, की दहा सायकली वाटायच्या असतील तर नऊ वाटा आणि दहावीचे पैसे बाजूला ठेवा. त्यात त्या नऊ जणांची मापं घेऊन सीट मागे-पुढे करून द्या, सहा महिन्यांनी गावातल्याच एखाद्या मिस्त्रीला मजुरी देऊन सगळ्या एकदा तपासून घ्या. फोटोत एक माणूस कमी दिसेल, चालेल.

हे मी फार नवीन सांगतोय अशातला भाग नाही. १६५५ साली जर्मनीत न्यूरेंबर्गजवळच्या एका गावात श्टेफान फारफ्लर नावाचा एक घड्याळजी होता. त्याचे पाय चालत नव्हते. त्याने दात्यांची चाकं जोडून हाताने फिरवायची तीनचाकी गाडी स्वतःसाठी बनवली. या जातीची ज्ञात असलेली ही सर्वात जुनी गाडी. ती त्याला कोणी दिली नव्हती. त्याच्याच हाताच्या मापाची होती, बिघडली तर काय करायचं तेही त्यालाच ठाऊक असणार. आणि अगदी अलीकडचं सांगायचं तर आलेक्स झनार्डीचे दोन्ही पाय २००१ साली मोटारींच्या शर्यतीत गेले आणि २०१२ च्या लंडन पॅरालिंपिकमध्ये त्याने हातसायकलवर दोन सुवर्णपदकं घेतली. त्याची सायकल आणि माझी सायकल यांत काय साम्य आहे? चाकं तीन. बाकी त्याची त्याच्या अंगावर बेतलेली.

तर चाचांना म्हटलं, नवी नको, हीच खोला, आणि पैसे घ्यायचे. कबूल झाले.

पुढच्या चाकाचा हब उघडला तेव्हा आत ग्रीसच्या जागी तांबूस, वाळलेला गाळ निघाला. पुराचा! इतकी वर्षं मी सावित्रीचा गाळ चाकात घेऊन दुकानात जात होतो आणि हल्ली हात दुखतात म्हणून तेल चोळत होतो. छर्रे खडबडीत झालेले, एका कोनाला खड्डा पडलेला. तिन्ही चाकांचे छर्रे बदलले, नवं ग्रीस भरलं. मग मागची दोन चाकं. ती एकमेकांना समांतर आहेत का हे चाचांनी दोरी लावून बघितलं. पुढच्या बाजूला अंतर कमी, मागच्या बाजूला जास्त. म्हणजे टायर नुसतं फिरत नव्हतं, रस्त्यावर घासतही होतं. आंबा उगाळावा तसं. तीन वर्षांत दोन टायर गेली ती का, ते तेव्हा कळलं.

सीट चार इंच पुढे घेतली, वेल्डिंग करून. पहिल्यांदा पाठ टेकवून पायडल फिरवलं तेव्हा मला जरा वेळ काही सुचेना. इतक्या वर्षांत हे चार इंच कोणीच पुढे घेऊ शकलं असतं. मीसुद्धा.

मग गणित. चढाचा प्रश्न होता. पोलादपूर नदीच्या वरच्या अंगाला, म्हणजे जाताना एकंदर चढच. माझ्या सायकलच्या वरच्या चक्राला ३६ दाते, खाली फ्रीव्हीलला १८. पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचे दोन फेरे, म्हणजे सुमारे ४.४ मीटर. फ्रीव्हील २२ दात्यांचं बसवलं तर एका फेऱ्यात ३.६ मीटरच, पण जोर जवळजवळ अठरा टक्के कमी लागतो. अठरा किलोमीटरला आधी चार हजारांवर फेरे पडले असते, आता पाच हजार. भाचा म्हणाला, मामा, हा तर तोटा झाला! तोटा नाही रे. माझ्या खांद्यांना पायांचंही काम करावं लागतं, कॉटवरून उठण्यापासून बाथरूमपर्यंत. ते झिजले की मी बसलोच. शिवाय पोलिओ होऊन गेलेल्यांना तीस-चाळीस वर्षांनी स्नायू पुन्हा थकायला लागण्याचा त्रास होऊ शकतो, त्याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात. डॉक्टरांनी बजावलंय, दमल्यावर थांबू नका, दमायच्या आधी थांबा. म्हणून हलके फेरे, जास्त फेरे, आणि दर अर्ध्या तासाने थांबा, मग हुरूप कितीही असो.

ब्रेक मूळचा एकच, तोही पुढच्या चाकाला, आणि माझं वजन सगळं मागे. ओल्या उतारावर पुढचं चाक नुसतं घसरतं. मागच्या दोन्ही चाकांना ब्रेक लावून दोन्ही तारा एका मुठीत आणल्या. त्या अगदी सारख्या ताणाव्या लागतात, नाहीतर ब्रेक दाबला की सायकल एका बाजूला पळते. तीनचाकीचं आणखी एक असं, की ती वळणावर कलत नाही. दुचाकीवाला वळताना आत झुकतो, इथे आतलं चाक उचललं जातं. वळणाच्या आधी वेग कमी, वळणात नाही. आणि खड्डे. दोन चाकं खड्ड्याच्या दोन बाजूंनी काढली तर तिसरं बरोबर मधोमध! रस्ता कडेला उतरता असतो तिथे सायकल सारखी गटाराकडे ओढली जाते, मग सबंध वाट तिला धरून ठेवत जावं लागतं. मागे बांबूच्या काठीला भगव्या कापडाची पताका लावली आहे, कारण ट्रकवाल्याच्या उंचीवरून मी दिसतच नाही. भाच्याने लाल मिचमिचणारा दिवा लावून दिलाय.

राहिलं पंक्चर. हे माझं मला काढता आलं पाहिजे, नाहीतर एकट्याने जाण्याला अर्थ नाही. अंगणात गोणपाट टाकलं, खाली उतरलो, सायकल कलंडवली आणि मागचं चाक सोडवायला घेतलं. दादा ओटीवर हात मागे बांधून उभा. त्याचे हात का बांधलेले होते ते मला कळत होतं. आई मात्र पाच मिनिटं बघून आत निघून गेली. लहानपणी तिने मला कडेवर घेऊन शाळेत पोचवलंय, चौथीपर्यंत, पावसातसुद्धा. मी असा जमिनीवर सरपटत सायकलशी झटतोय हे तिला बघवेना. पहिल्या वेळी पन्नास मिनिटं लागली. पाचव्या वेळी पस्तीस. त्या दिवशी आई बाहेर आली आणि म्हणाली, "गुडघ्याखाली काहीतरी घे, सोलवटलेत." संध्याकाळी जुन्या गोधडीच्या दोन गाद्या शिवून दिल्या, एक गुडघ्यांना आणि एक सीटवर.

नवरात्रापासून रोज पहाटे चवदार तळ्याभोवती फेऱ्या मारतो. फिरायला येणारे आधी कौतुक करायचे, आता वेळ विचारतात. ही मोठीच प्रगती म्हणायची. सार्वजनिक तळं सगळ्यांचं म्हणजे सगळ्यांचं, हे २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ज्या गावात पाणी पिऊन दाखवलं, त्या गावात रस्ता कोणाचा असा प्रश्न मला पडू नये. पण महामार्गावर पडतो. चौपदरी झाला, क्रमांक १७ चा ६६ झाला, पण हळू जाणाऱ्यासाठी कडेची जी पट्टी असते तिच्यात कुठे वाळूचा ढीग, कुठे उभा टेम्पो, आणि समोरून उलट्या दिशेने येणारे मोटारसायकलवाले. वाटेत एखादं स्वच्छतागृह असलंच तर त्याला पायऱ्या. त्याची तयारी म्हणजे कमी पाणी पिणं, आणि हा काही चांगला उपाय नव्हे.

गेल्या रविवारी राजेवाडी फाट्याजवळच्या पुलापर्यंत जाऊन आलो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री जुना पूल सावित्रीत गेला, त्याच्यासोबत दोन एसटी आणि त्यांतली माणसं. तिथला नवा पूल पुढच्या वर्षी जूनमध्ये सुरू झाला. मोटारीतून जाताना तो काही सेकंदांत संपतो. हाताने फिरवत जाताना संपत नाही. मधोमध आल्यावर मागून कंटेनर गेला आणि सबंध पूल हलला. पूल थोडे हलतातच, हलायलाच हवेत, हे मला माहीत आहे. तरी मी पलीकडे जाऊनच थांबलो, दमलो नव्हतो तरी.

दादाशी तडजोड अशी झालीय: मी सहाला निघायचं, त्याने साडेआठला. तोवर मी पोलादपूरच्या जवळपास असेन. तो मला गाठून पुढे जाईल, थांबणार नाही. हात करायला परवानगी आहे.

काल ताईचा फोन आला. मला वाटलं, आता ही रडणार किंवा ओरडणार. तिच्या दाराला तीन पायऱ्या आहेत. लग्न होऊन ती त्या घरात गेली तेव्हापासून दरवर्षी दादा आणि भावोजी मला उचलून आत नेतात आणि सायकल महाडातच असते. म्हणाली, "गवंडी आलाय. पायऱ्यांच्या बाजूने उतार करून घेतेय. तुझ्या गाडीची रुंदी सांग."

गाडी म्हणाली ती.

टेप घेऊन मोजलं. मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत ३४ इंच. दोन्ही बाजूंना तीन-तीन धरून तिने चाळीस सांगितलेत.