किडनीची हुमणी

सभासद बंधू-भगिनींनो,

या पानावर मी एरवी बेणे, खत, पाणी याविषयी लिहितो. आज ऊस पिकवणाऱ्या माणसाविषयी लिहितो आहे. मी डॉक्टर नाही, विषयही माझ्या खात्याचा नाही. पण जे पाहिले ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आडसाली लागणीची नोंद घ्यायला एका जुन्या सभासदाकडे गेलो होतो. दरवर्षी दोन एकर लागण करणारा माणूस, यंदा वीस गुंठ्यांवर आलेला. विचारले, "तात्या, लागण एवढी कमी का?" म्हणाले, "आठवड्यातनं दोन दिवस डायलिसिसला जातोय साहेब. ऊस कुणी बघायचा?"

नोंदीसाठी त्यांनी कागदांची पिशवी काढली. सातबारा, ऊसबिलाच्या पावत्या, आणि त्यातच पाच वर्षांपूर्वीचा रक्ताचा रिपोर्ट. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी केलेला. त्यात क्रिएटिनिन १.८, शेजारी छापलेली मर्यादा १.३, आणि आकड्यापुढे फुली. ऑपरेशन झाले, दृष्टी आली, कागद पिशवीत गेला. आकड्याचा अर्थ त्यांना कोणी सांगितला नाही, त्यांनीही विचारला नाही. "दुखत काय न्हवतं. लघवी सरळ व्हायची. मग इचारायचं तरी काय?"

त्या फुलीचा अर्थ असा की, ५८ वर्षांच्या त्या माणसाची किडनी तेव्हाच निम्म्याहून कमी काम करीत असावी. म्हणजे आजार कागदावर होता. फक्त ज्याला झाला त्याला माहीत नव्हता. माझे सारे म्हणणे एवढ्यावरच आहे.

आपल्याकडे किडनी म्हटले की मूतखडा आठवतो. खडा कळा आणतो, माणूस धावत दवाखान्यात जातो. किडनी हळूहळू निकामी होते तेव्हा मात्र बहुधा काहीच दुखत नाही. पाय सुजणे, अन्नावरची वासना जाणे, धाप लागणे ही लक्षणे बऱ्याचदा फार उशिरा दिसतात. हुमणीचे असेच आहे. वर पाने पिवळी पडेपर्यंत खाली मुळ्या खाऊन झालेल्या असतात. म्हणूनच आम्ही वळवाच्या पावसानंतर भुंगेरे गोळा करा म्हणून ओरडत असतो.

ही गोष्ट केवळ खेडेगावची नाही. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या अंदाजानुसार तेथे सुमारे सात प्रौढांमागे एकाला हा आजार आहे आणि अशा दहापैकी नऊ जणांना तो असल्याचे ठाऊकच नाही. तेव्हा तात्यांना अडाणी म्हणून मोकळे होता येणार नाही.

कोणी म्हणेल, "कळून तरी काय उपयोग? गेलेली किडनी थोडीच परत येते?" बहुधा येत नाही, हे खरे. पण उरलेली पुष्कळ वर्षे टिकवता येते. या आजाराची दोन मोठी कारणे म्हणजे मधुमेह आणि रक्तदाब. दोन्ही आटोक्यात ठेवले, मीठ कमी केले, तंबाखू सोडली, तर झीज मंदावते. किडनीची झीज कमी करणारी औषधेही आज आहेत. आणि अंग दुखले की टपरीवरून घेतलेली वेदनाशामक गोळी ज्याला आजार माहीत आहे तो टाळेल. ज्याला माहीत नाही तो रोज घेत राहील.

तपासण्या दोनच. रक्तातील क्रिएटिनिन, ज्यावरून ईजीएफआर हा आकडा काढतात. आणि लघवीतील अल्ब्युमिन. ईजीएफआर ६० च्या खाली किंवा लघवीत अल्ब्युमिन, असे तीन महिन्यांहून अधिक काळ राहिले, तर तो दीर्घकालीन आजार समजतात. दोन्ही तपासण्या हव्यात, कारण क्रिएटिनिन मर्यादेबाहेर जाईपर्यंत निम्मे काम गेलेले असू शकते. मधुमेह, रक्तदाब किंवा घरात किडनीचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून वर्षातून एकदा त्या कराव्यात. "रिपोर्ट बरा आहे" एवढ्यावर उठू नका. आकडा किती, मागच्या वर्षी किती होता, हे विचारा आणि वहीत लिहा. ऊसबिलात किलोचा फरक पडला तर आपण गट ऑफिसला येऊन भांडतो. हा तर आपल्या रक्ताचा हिशेब आहे.

आपल्या तोडणी मजुरांनाही यातून वगळू नये. मध्य अमेरिकेत एल साल्वादोर व निकाराग्वा येथे मधुमेह वा रक्तदाब नसलेल्या अनेक तरुण ऊसतोड मजुरांच्या किडन्या निकामी झाल्या. एल साल्वादोरच्या डॉक्टरांनी २००२ साली ही बाब जगापुढे मांडली. उन्हातले कष्ट आणि शरीरातील पाण्याची तूट यांकडे संशोधक प्रामुख्याने बोट दाखवतात. आपल्या फडावरही ऊन आहे, कष्ट आहेत, आणि अंगदुखीच्या गोळ्याही आहेत. फडावर प्यायचे पाणी व सावलीत विसावा देणे आपल्या हातात आहे.

संचालक मंडळास माझी नम्र सूचना आहे. माती परीक्षणासाठी आपण गटवार नमुने गोळा करतो. त्याच वेळी चाळिशीपुढील सभासदांचे रक्त-लघवीचे नमुने घ्यावेत आणि हंगामात कोप्यांवरील मजुरांचेही. मात्र नुसते शिबिर घेऊन, फोटो काढून थांबू नये. ज्याचा आकडा बिघडला त्याला डॉक्टरांनी समोर बसवून, मराठीत, एकट्याला सांगावे आणि तीन महिन्यांनी पुन्हा बोलवावे. नाहीतर आणखी एक कागद पिशवीत जाईल.

तोवर आपण एवढे करा. आज घरी गेल्यावर आपली पिशवी उघडा. जुना रिपोर्ट सापडला तर क्रिएटिनिनची ओळ पाहा आणि तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा.

आपला,
ऊस विकास अधिकारी