चालतंय की!

आमच्या आबांची १९८६ची प्रीमियर पद्मिनी. मागच्या चाकाकडं जाणारा ब्रेकचा पाइप गंजून गळायला लागला. तालुक्याच्या दुकानदारानं गाडीचं नाव ऐकताच हात झटकले. "भंगारात घाला ओ!" फिटरनं फ्रिजची तांब्याची नळी पुढं केली. "बसवतो मालक, चालतंय की!"

नाही चालत, बाबांनो! तांबं हादऱ्यानं कडक होतं, मग तडकतं. पेडल दाबलं की तेलाचा सगळा दाब त्याच नळीवर. ती घाटात फुटली, तर कुणाच्या नावानं बोंबलायचं?

बरं, काम अवघडही नाही. गळका पाइप नमुन्याला घेऊन मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेलो. एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं पोलादी ब्रेक पाइप मापात कापला, नटाचे आटे जुन्याशी जुळवले, दोन्ही टोकांना दुहेरी फ्लेअर पाडली. तासाभराचं काम! मग तालुक्यात का होत नाही? कारण "चालतंय की" म्हटलं, की शिकावं लागत नाही.

गोठ्याच्या दाराला खुशाल तार बांधा. ब्रेकला जुगाड नको. गाडी जुनी असली, तरी मागच्या सीटवर नातवंडं बसतात.