कपाटावरची ढाल

शाळेतील बक्षिसे शाळेतच राहतात, असे म्हणण्याची पद्धत आहे. निबंधाचे प्रमाणपत्र ट्रंकेत जाते, वक्तृत्वाच्या पेल्यात आजी तपकिरीची डबी ठेवते, आणि पुढच्या गॅदरिंगपर्यंत कोण पहिले आले होते हे वर्गशिक्षकांनाही आठवत नाही. बहुतेक बक्षिसांबाबत हे खरेच आहे. एका बक्षिसाबाबत मात्र ते खरे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि त्यासाठीच हा लेखनप्रपंच.

गंगाखेड तालुक्यातील आमच्या शाळेत दहावीच्या एका विद्यार्थ्याला अभ्यास आणि खेळ मिळून एक ढाल देत. नववीच्या वार्षिक परीक्षेत ६० टक्के गुण हवेत आणि शाळेच्या संघातून निदान जिल्हा पातळीवर खेळलेले हवे, अशी अट. मी खो-खो खेळत असे. त्या वर्षी ढाल मला मिळाली. लाकडी फळीवर पितळी पत्रा, त्यावर पेंटरने काढलेले माझे नाव, तेही ऱ्हस्व-दीर्घाची चूक करून. घरी ती समोरच्या खोलीत लोखंडी कपाटावर ठेवली गेली. बाजेवर बसणाऱ्या पाहुण्याची नजर तिच्यावर जाणारच, अशी ती जागा.

दिवाळीत मामा स्थळ घेऊन आले. मुलगा पुण्याकडे कंपनीत, चार एकर बागायत, हुंड्याची अपेक्षा नाही. "दाजी, असं ठिकाण पुन्हा येणार नाही," मामा म्हणाले. बाबा तसे मितभाषी. त्यांनी कपाटाकडे बोट केले आणि म्हणाले, "आधी तिला कॉलेजच्या टीममध्ये तर जाऊ द्या." विषय तिथेच थांबला. नंतरही दोनदा निघाला, दोनदा थांबला.

वाचकांना हा किरकोळ कौटुंबिक प्रसंग वाटेल. परंतु आपला जिल्हा कोणता, हे विसरू नये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत परभणी जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्या जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. राज्याची सरासरी २२ टक्क्यांच्या आसपास होती. ज्या खोलीत ढाल नसते तिथे काय होते, ते या आकड्यांवरून कळते.

आता कोणी म्हणेल, नुसते गुण चांगले असते तरी हेच झाले असते. मला तसे वाटत नाही. मुलीला गुण चांगले पडले की तिचे स्थळ चांगले येते, एवढाच अर्थ आमच्याकडे काढला जातो. आणि नुसता खेळ म्हटला, तर "पोरीची जात, उन्हात काळी पडेल, हातपाय मोडून घेईल" हे ठरलेले. दोन्ही एकत्र आले की बोलणाऱ्याची पंचाईत होते. अभ्यासाने खेळाला अब्रू मिळते, आणि खेळाने अभ्यासाला घराबाहेर जाण्याचे निमित्त मिळते. एस. टी. चा मोफत पास सरकार मुलींना बारावीपर्यंत देते. पण त्या एस. टी. त बसायला घरातून कोणी सोडले पाहिजे ना!

हल्ली खेळाकडे गुणांसाठी पाहतात. दहावी-बारावीला स्पर्धेच्या पातळीनुसार जास्तीत जास्त २५ वाढीव गुण मिळतात, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यात वाईट काही नाही. गरिबाच्या पोराने गुणांचा मोह धरू नये असे पोट भरलेल्यांनी सांगू नये. पण ते गुण निकालपत्रात एकदा मिसळले की संपले. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणेही त्याच मोहातून निघाली. ढाल कोणी बनावट करीत नाही, कारण तिच्यावर नोकरी मिळत नाही.

आणि ही कल्पना काही आमच्या मुख्याध्यापकांची नव्हे. सेसिल ऱ्होड्स १९०२ मध्ये वारला, तेव्हा त्याच्या मृत्युपत्रातील शिष्यवृत्तीसाठी विद्वत्तेबरोबर मैदानी खेळांची आवडही पाहावी असे लिहिलेले होते. मात्र ती फक्त पुरुषांसाठी होती. स्त्रियांना ती १९७७ पासून खुली झाली. म्हणजे आमच्या शाळेने त्या बाबतीत ऑक्सफर्डपेक्षा बरे केले म्हणायचे! परभणीच्याच ज्योती गवते २०१७ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिल्या आल्या, तेव्हा गावोगावच्या मुलींनी ते वर्तमानपत्रातले चित्र कापून ठेवले असेल. परंतु मॅरेथॉन जिंकणारी एक असते. शाळा दर तालुक्यात आहेत.

तरीही माझी एक तक्रार आहे, आणि ती त्या अटीबद्दल. आमच्या संघात एक मुलगी होती. खांबावर सूर मारून गडी बाद करण्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. मी तिच्या निम्म्यानेही नव्हते. तिचे आईवडील दसरा-दिवाळीनंतर कोयते घेऊन उसाच्या फडावर जात, आणि धाकटी भावंडे सांभाळायला तिलाही नेत. जिल्ह्याच्या स्पर्धा पावसाळ्यात असल्याने खेळ सापडे, वर्ग बुडे. ६० टक्के तिला कुठून पडणार? ढाल मिळाली नाही. तिच्या घरी कपाटही नव्हते म्हणा. दहावीच्या परीक्षेआधीच तिचे लग्न झाले. जिला त्या पितळी पत्र्याची सर्वांत अधिक गरज होती, तिलाच अटीने बाहेर ठेवले.

म्हणून माझी सूचना अशी. ही ढाल दहावीला नव्हे, आठवीला द्यावी. दहावीपर्यंत पुष्कळ घरांत बोलणी पुढे गेलेली असतात. टक्क्यांची अट ठेवावी, पण फडावर गेलेल्या मुलांचे गुण त्यांनी शाळेत काढलेल्या महिन्यांतल्या चाचण्यांवरूनच मोजावेत. आणि मुलाला एक, मुलीला एक, अशा दोन ढाली असाव्यात. खर्चाचा प्रश्न निघेल, तो शाळांत नेहमीच निघतो. आमच्या शाळेने हे मान्य केले तर पहिल्या वर्षीच्या मुलीच्या ढालीचे पैसे मी देते. 'कमवा आणि शिका' योजनेतले थोडे साठले आहेत. नाव मात्र पेंटरकडून नीट तपासून घ्यावे.