पोट्टी, पोळी आणि रोडगे

दोन वर्षांपूर्वी माझ्या ऑफिस बॅगेत लॅपटॉपशेजारी कायम एक छोटा फ्रॉक असायचा. लेक साडेपाच वर्षांची. पोट फुगलेलं, हातपाय काड्यांसारखे, दिवसातून चार-पाच वेळा बाथरूम. मीटिंगमध्ये फोन थरथरला की वाटायचं, शाळेचाच असणार! जंताचं औषध झालं, आयर्नचं टॉनिक झालं, पण हिमोग्लोबिन ढिम्म हलेना. डब्यात पोळी-भाजी, दुपारी बिस्किटं, संध्याकाळी नूडल्स... आणि ताकद यावी म्हणून दुधात माल्टची पावडर.

मे महिन्यात तिला माझ्या माहेरी, दारव्ह्याजवळच्या गावी सोडलं. आई म्हणाली, "पोट्टी खाते त लय, पण अंगाले लागत नाही वं." तिच्याकडे पुड्यातलं काही मिळत नाही. सकाळी ताकातल्या ज्वारीच्या कण्या, दुपारी भाकर, रात्री वरण-भात. तीन आठवड्यांनी घ्यायला गेले, तर ही अंगणात धावत होती! सगळ्यांनी श्रेय गावाच्या हवेला दिलं. मीसुद्धा.

पुण्यात परतलो आणि आठवडाभरात पुन्हा तोच फ्रॉक बॅगेत. मग रात्री दोनपर्यंत गूगल. गव्हाचा संशय आला आणि मी जाम उत्साहात घरातली कणीक उचलून कामवाल्या मावशींना देऊन टाकायला निघाले. सुदैवाने दुसऱ्या दिवशीच बालरोगतज्ज्ञांची अपॉइंटमेंट होती. ते म्हणाले, "पोळी चालू ठेवा. आधी टेस्ट, मग डाएट." गहू आधीच बंद केला, तर रक्तातल्या अँटिबॉडीज कमी होतात, आतडं सावरायला लागतं आणि टेस्ट खोटीच नॉर्मल येऊ शकते. जे खाऊन लेक आजारी पडते हे मला जवळपास कळलं होतं, तेच तिला भरवत राहायचं... ते दिवस अजून आठवले तरी नको वाटतं.

टीटीजी नावाची रक्ततपासणी, मग एंडोस्कोपी. निदान: सीलिएक. ही नुसती अ‍ॅलर्जी नव्हे. गव्हातल्या, जवातल्या ग्लूटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते, मग खाल्लेलं, टॉनिकसकट, अंगी लागत नाही. (आईचं निदान अर्धं बरोबर होतं म्हणायचं!) आणि हो, ती माल्टची पावडरही जवाचीच. हे घराण्यात चालतं म्हणून आम्हा दोघांचीही तपासणी झाली.

गव्हाचा हा गुन्हा पकडला विलेम कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञाने. त्याचा संशय आधीपासूनचा. १९४४-४५च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेना, आणि त्याचे हे छोटे पेशंट मात्र सुधारले. पाव परत आला, तशी दुखणीही परतली. १९५०मध्ये त्याने त्यावर प्रबंध लिहिला. आमच्याकडे दुष्काळाऐवजी आजी होती.

औषध एकच, आयुष्यभर ग्लूटेन बंद. भाकर आहे, तांदूळ आहे, डाळी आहेत, म्हणजे सोपं वाटतं ना? मग घरातले डबे उघडून बघा. थालीपिठाच्या भाजणीत गहू. मेतकुटात गहू. सोया सॉसमध्ये गहू. आणि चिमूटभर हिंग? बाजारातल्या बऱ्याच हिंगांत मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं. पाकिटावर 'ग्लूटेन फ्री' लिहायचं तर आपल्याकडच्या नियमानुसार किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही, एवढा हा हिशेब बारीक. गिरणीत आपल्याआधी कुणाचे गहू दळले असतील तर ज्वारीचं पीठही बाद. शेवटी घरघंटी घेतली. नवीन फोनचं बजेट तिच्यात गेलं.

पण डबे बदलणं त्यातल्या त्यात सोपं. माणसं अवघड. बर्थडे पार्टीत, देवळात, ट्रेनमध्ये सगळ्यांचं तेच, "एका घासाने काय होतंय?" यात माझी आईसुद्धा होती. पहिल्या दिवाळीत तिने लपवून करंजी दिली आणि लेकीने ती खाल्ली. पुढचे दोन दिवस आईने पाहिले. ती काही बोलली नाही, मीही नाही.

यंदा हिवाळ्यात शेतात रोडगे होते. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले, तूप सुटलेले, अख्ख्या गावाला जेवण. म्हणजे गहूच गहू. मावशीने प्रेमाने तोडलेला तुकडा लेकीपुढे धरला, "घे वं बाई, येवढ्याशानं का होते?"

आईने मध्येच तिचा हात धरला. "तिले नोको देऊ. ते भाकर खाते." मग घरून आणलेला डबा उघडला. वांग्याची भाजी तिने सगळ्यांच्या आधीच वेगळी काढून ठेवली होती, रोडगा लागलेला डाव त्यात पडायच्या आत.

लेक पाटावर बसली, भाजीकडे बघितलं आणि विचारलं, "आजी, हिंग कोणता घातला?"

"घातलाच नाही, माय," आई म्हणाली आणि भाकर मोडायला लागली.