इयत्ता विषयाची, मुलाची नव्हे

कोकणात मे महिना आंब्यांचा, चाकरमान्यांचा आणि निकालांचा. यंदा आंबा कसा आला याच्या खालोखाल ओटीवर चर्चा रंगते ती दहावीच्या निकालाची. कोकण विभागीय मंडळाचा दहावीचा पहिला स्वतंत्र निकाल २०१२ साली लागला आणि तेव्हापासून आपला विभाग राज्यात पहिला येत आला आहे. २०२४ साली तर विभागातली ९९.०१ टक्के मुले उत्तीर्ण झाली. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट. पण जिथे शंभरातली नव्याण्णव मुले एका दमात पार होतात, तिथे जे मूल मुळात त्या रांगेतच उभे नाही, त्याच्या आईवडिलांची झोप उडते.

अशी मुले असतात. कुणी दीर्घ आजारातून उठलेले असते, कुणी बुद्धिबळासाठी किंवा गाण्यासाठी शाळा सोडलेली असते, कुणाच्या वडिलांची बदली दर दोन वर्षांनी होते, तर काही घरांनी विचारपूर्वक ठरवलेले असते की मुलाला घरीच शिकवायचे. सहावी-सातवीपर्यंत या घरांत फारशी चिंता नसते. वाचन, प्रयोग, भटकंती, चित्रे असे सगळे मजेत चाललेले असते. मूल चौदाचे झाले की मात्र प्रश्न दारात येऊन उभा राहतो. बरोबरीची मुले नववीत गेली, आता आपल्या मुलाने कोणत्या इयत्तेचा अभ्यास करायचा?

शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्यापासून हा प्रश्न घेऊन माझ्याकडेही पालक येतात. त्यांची वाक्ये ठरलेली असतात. ‘बाई, वयाप्रमाणे नववीच घ्यायला हवी ना?’ किंवा, ‘बाई, हुशार आहे हो, एकदम दहावीलाच बसवू या का?’ आणि तिसरे वाक्य, जे बहुधा उठता उठता हळू आवाजात येते, ‘वर्ष वाया नको जायला.’

या तिसऱ्या वाक्यात सगळे दडलेले आहे. आपल्याकडे वर्ष वाया जाणे म्हणजे जवळजवळ बेअब्रू. म्हणून पातळी ठरवताना आपण मुलाची वही पाहत नाही, तर शेजारच्या मुलाचा दाखला पाहतो. माझे म्हणणे एवढेच आहे की घरी शिकणाऱ्या मुलाला ‘कितवीत आहेस’ हा प्रश्न विचारूच नये. ‘गणितात कुठवर आलास? इंग्रजीत कुठवर आलास?’ असे विचारावे. शाळेचा नाइलाज असतो. एका वर्गात पन्नास-साठ मुले बसवायची तर सगळ्या विषयांना एकच इयत्ता लावावी लागते. घराला तो नाइलाज नाही. मग शाळेतली सगळ्यांत अवघड अडचण आपण हौसेने घरी का आणावी?

एक उदाहरण सांगते. आमच्या ओळखीतली एक मुलगी सातवीत असताना आजारी पडली आणि त्यानंतर दोन वर्षे घरीच शिकली. तब्येत सुधारली, पण घरचा अभ्यास तिला मानवला होता, म्हणून पुढेही तसेच चालू ठेवायचे ठरले. आईने चौकशी करून कागद जमवले होते. मुंबईच्या मामांनी परदेशी मंडळाचे नाव सुचवले होते. प्रत्येकाजवळ अभ्यासक्रम तयार होता, पण मुलीला काय येते हे कुणी पाहिलेले नव्हते. मी त्यांना म्हटले, फॉर्म आठवडाभर बाजूला ठेवा.

चार दिवस ती सकाळी माझ्याकडे येऊन बसली. बालभारतीची आठवीची पुस्तके काढली. गणिताच्या प्रत्येक प्रकरणाला सरावसंच आहेत आणि शेवटी संकीर्ण प्रश्नसंग्रह आहे. मदत न करता, घड्याळ न दाखवता, त्यातली निवडक उदाहरणे तिला सोडवायला दिली. मराठीत एक उतारा आणि एक पत्र. इंग्रजीत वाचून आपल्या शब्दांत सांगणे आणि मग तेच लिहिणे. विज्ञानात एक प्रयोग करून त्याची नोंद.

निकाल पाहण्यासारखा होता. मराठी तिचे दहावीच्या मुलीला शोभेल असे. घरात भरपूर वाचन, त्याचा तो गुण. विज्ञानातली समज चांगली, पण नोंद विस्कळीत. इंग्रजी वाचून कळत होते, लिहायला घेतले की सातवीत अडकत होते. आणि गणितात विस्तार सूत्रे पाठ होती, परंतु बैजिक राशींचे अवयव पाडायला सांगितले की पेन थांबत होते. मुळाशी गेल्यावर दिसले की ऋण चिन्हे आणि अपूर्णांक पक्के नव्हते. आता सांगा, ही मुलगी कितवीत?

अवयवांचीच गोष्ट घ्या. सध्याच्या अभ्यासक्रमात ते आठवीत येतात, नववीत बहुपदी येते आणि दहावीत वर्गसमीकरणे. या तिन्ही एकमेकींवर उभ्या पायऱ्या आहेत. जिला आठवीतले अवयव पडत नाहीत तिला थेट दहावीचे पुस्तक दिले तर ती रीत पाठ करील, कदाचित पस्तीस गुणही मिळवील, पण अकरावीत विज्ञान शाखेत गेल्यावर पहिल्याच महिन्यात तिचे पाय लटपटतील. इतिहासाचे तसे नसते. शिवकाल नीट न वाचताही स्वातंत्र्यलढा समजू शकतो. म्हणून जिथे पायरीवर पायरी आहे, म्हणजे गणितात, भौतिकशास्त्रात, भाषेच्या लेखनात, तिथे खालून सुरुवात करावी. जिथे नाही, तिथे खुशाल वयाबरोबर किंवा वयापुढे जावे.

आता परीक्षेचा मुद्दा. घरी कितीही विषयवार शिकले तरी शेवटी एक प्रमाणपत्र लागते आणि त्याची दारे वेगवेगळी आहेत. पहिले दार आपल्या ओळखीचे, सतरा नंबरचा फॉर्म. राज्य मंडळाच्या परीक्षेला खासगी विद्यार्थी म्हणून बसता येते. प्रश्नपत्रिका शाळेतल्या मुलांचीच आणि गणित व विज्ञानही त्यांच्याइतकेच. पूर्वी राज्य मंडळात गणित जड जाणाऱ्यांसाठी सामान्य गणिताचा पर्याय असे. २०१७ साली नववीचा अभ्यासक्रम बदलला तेव्हा तो गेला. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना ठरावीक सवलती आहेत, पण बाकीच्यांना एकच पातळी.

दुसरे दार राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे. १९८९ साली ही संस्था राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणून सुरू झाली, २००२ साली तिला आजचे नाव मिळाले. वयाची चौदा वर्षे पूर्ण झाली की दहावीच्या समकक्ष परीक्षेसाठी नाव नोंदवता येते. पाच विषय घ्यायचे, त्यात भाषा हवी. परीक्षा वर्षातून दोनदा होते, पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि एकेक विषय सुटा करून देता येतो. मराठी माध्यमही आहे. माझ्या विषयवार पातळीच्या म्हणण्याला हे दार सगळ्यांत सोयीचे. मराठी आणि समाजशास्त्रे आधी देऊन मोकळे व्हावे, गणिताला आणखी वर्ष द्यावे.

पण सोय आहे तिथे खड्डाही आहे. या संस्थेत गणित न घेताही दहावी होता येते. कंटाळलेले मूल आणि थकलेले पालक मिळून गणित सोडून देतात, गुणपत्रिका हातात येते, पेढे वाटले जातात. मग दोन वर्षांनी लक्षात येते की तंत्रनिकेतनाच्या अभियांत्रिकी पदविकेला दहावीचे गणित आणि विज्ञान मागतात. दार बंद झाल्याचा आवाज त्या वेळी कुणाला ऐकूच आलेला नसतो. माझ्याकडे आलेल्या मुलीला मासे आणि समुद्रातले जीव यांचे वेड आहे. मिरकरवाडा बंदरावर होड्या लागल्या की ही तिथे हजर. शिरगावला आपल्याकडे मत्स्य महाविद्यालय आहे, तिथे जायचे तर बारावी विज्ञान हवे. तिच्यासाठी गणित आणि विज्ञान सोडण्याचा विषयच नव्हता. प्रश्न फक्त सावकाश किती जायचे, हा होता.

तिसरे दार केंब्रिजसारख्या परदेशी मंडळांचे. तिथल्या आयजीसीएसई परीक्षेत गणिताच्या चक्क दोन पातळ्या आहेत, कोअर आणि एक्स्टेंडेड. कोअर सोपी, पण तिच्यात कितीही चांगला पेपर लिहिला तरी सी श्रेणीच्या वर जाता येत नाही. केंद्रीय मंडळानेही २०२० च्या दहावीच्या परीक्षेपासून बेसिक आणि स्टँडर्ड अशी दोन गणिते आणली. सोपी पातळी घेण्यात कमीपणा काहीच नाही, फक्त तिचे छत किती उंच आहे हे आधी पाहून घ्यावे. आणि परदेशी मंडळाच्या मोहात पडण्यापूर्वी परीक्षेचे केंद्र कुठे आहे, ते खासगी विद्यार्थी घेते का आणि दर विषयाचे शुल्क किती, हे तीन प्रश्न विचारावेत. मुंबई रत्नागिरीपासून साडेतीनशे किलोमीटर आहे. प्रत्येक पेपरला ती वाट तुडवायची का, याचा हिशेब अभ्यासक्रमाच्या माहितीपुस्तकात नसतो.

यावर एक आक्षेप हमखास येतो. मुंबईच्या मालविका राज जोशीने सातवीत शाळा सोडली, घरी शिकली आणि दहावी-बारावीचे प्रमाणपत्र नसताना २०१६ साली थेट अमेरिकेतल्या एमआयटीत गेली. मग आमच्या मुलाने या पातळ्यांच्या भानगडीत का पडावे? उत्तर त्याच हकिकतीत आहे. तिच्याजवळ संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडची तीन पदके होती. तिची पातळी जगाने मोजलेली होती. शिवाय बारावी नसल्यामुळे आपल्या आयआयटीचे दार तिला बंदच होते. तिचे कौतुक जरूर करावे, पण नियम म्हणून ते आपल्या घरी लावू नये.

त्यापेक्षा आपल्या मातीतला एक माणूस आठवावा. मुरुडचे धोंडो केशव कर्वे. सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी कुंभार्ली घाट उतरत-चढत शंभराहून अधिक मैल पायी चालत ते साताऱ्याला पोहोचले. परीक्षेला सतराव्या वर्षाची अट होती. कर्वे सतरा पूर्ण होते, पण दिसायला लहान. परीक्षकांनी चेहरा पाहून त्यांना परत पाठवले. पुढे कोल्हापूरला ते ही परीक्षा उत्तीर्ण झाले, मग इंग्रजी शिकले आणि १८८१ साली मॅट्रिक झाले. जन्म १८५८चा, म्हणजे मॅट्रिक होताना तेविसावे वर्ष. आजच्या भाषेत सांगायचे तर किती वर्षे वाया गेली म्हणायची? हा माणूस फर्ग्युसन कॉलेजात गणिताचा प्राध्यापक झाला, त्याने स्त्रियांचे विद्यापीठ उभे केले आणि शंभराव्या वर्षी भारतरत्न झाला.

त्या परीक्षकांनी केले ते आपण रोज करतो. त्यांनी चेहऱ्यावरून वय ठरवले आणि वयावरून पात्रता. आपण वयावरून इयत्ता ठरवतो आणि इयत्तेवरून मुलाची अक्कल. रत्नागिरीतच जन्मलेल्या बाळ गंगाधर टिळकांना वडील गंगाधरपंतांनी घरीच संस्कृत शिकवले. पुढे पुण्याच्या शाळेत ते त्या विषयात वर्गाच्या पुढे होते. बाकी विषय वर्गाबरोबर आणि एक विषय पुढे, यात त्या काळच्या घराला काही विचित्र वाटले नाही. आपल्यालाच ते का वाटावे?

त्या मुलीचे काय ठरले ते सांगते. दिवाळीपर्यंत आठवीचे गणित, रोज एक तास, अवयव आणि अपूर्णांक पक्के होईपर्यंत पुढचे पान उलटायचे नाही. इंग्रजीत रोज दहा ओळी लेखन. मराठी आणि विज्ञान नववीचे. दिवाळीनंतर नववीच्या गणिताचा संकीर्ण प्रश्नसंग्रह पुन्हा तसाच द्यायचा, आणि त्यावर सतरा नंबर की मुक्त विद्यालय हे ठरवायचे. आईच्या चेहऱ्यावर अजून काळजी होती. मुलगी मात्र म्हणाली, ‘म्हणजे मी मठ्ठ नाही, माझे फक्त अवयव राहिलेत.’ हे तिला कळले, तेव्हा माझ्या दृष्टीने निम्मे काम झाले होते. कारण चुकीच्या इयत्तेत बसवलेले मूल गणितात नापास होण्याआधी स्वतःच्या नजरेत नापास होते. आणि फार सोप्या इयत्तेत बसवलेले मूल आळशी होते, त्याचाही दोष शेवटी त्याच्यावरच येतो.

तेव्हा या जूनमध्ये ज्यांच्या घरी असा निर्णय व्हायचा आहे, त्यांना माझे एवढेच सांगणे आहे. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर सगळी पुस्तके फुकट मिळतात. आदल्या इयत्तेचे पुस्तक उघडा, मुलाला शांतपणे बसू द्या आणि पेन कुठे थांबते ते पाहा. जिथे थांबते तिथून सुरुवात करा, प्रत्येक विषयात वेगळी. मग मुलाला विचारा की पुढे काय करावेसे वाटते, आणि त्यासाठी कोणते विषय लागतात ते कागदावर लिहून काढा. ते विषय कितीही जड गेले तरी सोडू नका, फक्त त्यांना वेळ द्या. फॉर्म सगळ्यांत शेवटी भरा, पण त्याची मुदत मात्र आजच पाहून ठेवा. आणि कुणी पाहुण्याने मुलाला विचारलेच, ‘कितवीत रे तू?’ तर त्याला बिनधास्त उत्तर देऊ द्या, ‘मराठीत दहावीत, गणितात आठवीत.’ पाहुणा क्षणभर गोंधळेल, पण मूल गोंधळणार नाही.