जुना संगणक भंगारात काढण्याआधी

मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, बीड
यांस,



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित सुरक्षा अपडेट थांबवली. त्या दिवशी एकही संगणक बंद पडला नाही. मुख्याध्यापकांनी यू-डायसवर शाळेची माहिती भरली, ग्रामपंचायतीत दाखले निघाले. यंत्र चालतेय म्हटल्यावर या तारखेची दखल कोण घेणार? मला मात्र तिची काळजी वाटते. केज तालुक्यात मी मुलांना संगणक शिकवतो आणि आसपासच्या शाळांची अडलेली यंत्रेही बघून देतो, त्या नात्याने हे पत्र लिहीत आहे.

शाळांतली बरीच यंत्रे जुनी आहेत. काही आयसीटी योजनेतून आली, तर काही २०१५ नंतर ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाच्या लाटेत शाळा डिजिटल होत असताना गावकऱ्यांच्या लोकवर्गणीतून. ऊसतोडीवर जगणाऱ्या गावांनी शाळेसाठी घातलेला पैसा त्यात आहे. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते, सिक्युअर बूट लागते. आठवी पिढीच २०१७ मध्ये बाजारात आली. त्याआधीचे यंत्र कितीही नीट चालत असले तरी कंपनीच्या नियमात बसत नाही.

मग गावोगाव काय होते, ते मी बघतो. यंत्र संथ झाले की कुणीतरी पेन ड्राइव्ह घेऊन येतो आणि ‘फॉरमॅट मारून देतो’ म्हणतो. तासाभरात यंत्र चकाचक होते. पण आपल्याकडे बहुतेक जण फायली डेस्कटॉपवर ठेवतात, म्हणजे सी ड्राइव्हमध्ये, आणि फॉरमॅट होतो तोच ड्राइव्ह. निकालपत्रके, पोषण आहाराचे हिशेब, शाळा व्यवस्थापन समितीची इतिवृत्ते, स्कॅन करून ठेवलेले जनरल रजिस्टर, सगळे जाते. फायली वाचल्या तरी श्री-लिपी, कृतिदेव, डीव्हीबी-सुरेख हे फॉन्ट राहून गेले की मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो आणि फाइल खराब झाली असे समजून लोक ती पुसून टाकतात. वर टाकलेली विंडोज बहुतेकदा क्रॅक केलेली. तो क्रॅक चालावा म्हणून अँटिव्हायरस बंद करायला लावतात, आणि तो बंदच राहतो.

२०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीच्या वेळी मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधताना जुन्या दप्तरातल्या एकेका ओळीची किंमत आपल्या जिल्ह्याने पाहिली आहे. निर्गम उताऱ्यासाठी शाळेच्या दारात उभा राहणारा माणूस ती रोज पाहतो. आजच्या नोंदी या यंत्रांत आहेत.

अपडेट नसलेल्या यंत्राचा धोका काल्पनिक नाही. जून २०१७ च्या अखेरीस नॉटपेट्या नावाचा विषाणू जगभर पसरला, तेव्हा आपल्या राज्यातल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प झाले होते. त्या विषाणूने वापरलेली विंडोजमधली एक फट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच बुजवली होती. ज्यांनी ते अपडेट घेतले नव्हते, त्यांच्याकडे ती उघडीच राहिली. आता वाढीव अपडेट न घेतलेल्या विंडोज १० मध्ये सापडणारी प्रत्येक नवी फट तशीच उघडी राहणार आहे.

आपल्याकडे माझी मागणी एका परिपत्रकाची आहे. नव्या संगणकांसाठी निधी मिळाला तर उत्तमच, पण परिपत्रक आधी हवे, कारण मुख्याध्यापक अडतात ते डेडस्टॉक रजिस्टरवर. यंत्र नोंदीवर आहे, ते उघडायचे कसे, भाग बदलला तर लेखापरीक्षणात काय सांगायचे, ही भीती खरी आहे. त्यामुळे यंत्र धूळ खात पडते आणि शेवटी निर्लेखनात, म्हणजे भंगारात, जाते, किंवा कुणाला न सांगता फॉरमॅट होते. भाग बदलण्याची आणि त्याची नोंद करण्याची रीत आपण लेखी दिली, तर बरीच यंत्रे आणखी काही वर्षे मुलांच्या हाताखाली राहतील.

माझ्या अनुभवात सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे जुन्या हार्ड डिस्कला हातच न लावणे. ती काढावी, तिच्यावर शाळेचे नाव आणि तारीख लिहावी, कुलपाच्या कपाटात ठेवावी. यंत्रात नवी एसएसडी बसवून नवी प्रणाली तिच्यावर घालावी. काही बिघडले तर जुनी डिस्क परत जोडली की यंत्र पहिल्यासारखे. नव्या संगणकाच्या तुलनेत हा खर्च अगदी थोडा आहे, आणि यंत्राचा वेगही वाढतो. एसएसडी शक्य नसेल तिथे सगळ्या फायली आणि फॉन्ट बाहेरच्या डिस्कवर घ्यावेत, आणि त्या फायली दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहिल्याशिवाय फॉरमॅटचे नाव काढू नये. निर्लेखनाच्या यादीतल्या यंत्रांनाही हेच लागू करावे.

नवी प्रणाली कोणती, हे यंत्र पाहून ठरवावे. यंत्र विंडोज ११ च्या नियमात बसत असेल आणि विंडोज १० अस्सल असेल, तर बढती (अपग्रेड) फुकट मिळते. काही यंत्रांत टीपीएम असूनही बायोसमध्ये बंद असते, एवढे आधी तपासावे. मात्र ही बढती शाळेच्या अधिकृत ईमेलनेच करावी. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्या कोऱ्या डिस्कवर बसवल्या, की मायक्रोसॉफ्ट खाते जोडताच त्या अनेक यंत्रांतली डिस्क आपोआप कुलूपबंद करतात, आणि त्या कुलपाची चावी ज्याचे खाते त्याच्याकडे जाते. दुकानदाराने स्वतःचे खाते वापरले, तर शाळेच्या माहितीची चावी त्याच्याकडे राहते. नियमात न बसणाऱ्या यंत्रावर युक्तीने विंडोज ११ बसवता येते, पण पुढची अपडेट मिळतीलच अशी हमी कंपनी देत नाही. सरकारी कामाच्या यंत्रावर तसे करू नये.

विंडोज १० वरच राहणे भाग असेल, तर वाढीव सुरक्षा अपडेट विकत मिळतात. शैक्षणिक संस्थांसाठी त्यांचा दर यंत्रामागे पहिल्या वर्षी एक डॉलर, दुसऱ्या वर्षी दोन, तिसऱ्या वर्षी चार असा आहे. एकेकट्या शाळेला तो परवाना मिळवणे जड जाईल, जिल्हा परिषदेने एकत्रित मागणी करणे शक्य आहे.

उरलेल्या यंत्रांसाठी, विशेषतः मुलांच्या लॅबसाठी, माझे मत स्पष्ट आहे: लिनक्स. केरळच्या सरकारी शाळा अनेक वर्षांपासून मुक्त प्रणालीवर चालतात. तिथल्या ‘काइट’ या सरकारी संस्थेने उबंटूवर आधारलेली शाळांची स्वतःची प्रणाली तयार केली आहे. लिनक्स मिंटची हलकी आवृत्ती चार जीबी रॅमवर व्यवस्थित चालते, इनस्क्रिप्ट कीबोर्ड आणि लिब्रेऑफिस मराठीत मिळतात, परवान्याचा पैसा लागत नाही. पेन ड्राइव्हवरून ती न बसवताच चालवून पाहता येते. प्रोजेक्टर, वाय-फाय, आवाज आधीच तपासून घ्यावा. अडचणीही सांगितल्या पाहिजेत. कार्यालयांत सर्रास दिसणारा कॅनन एलबीपी २९०० प्रिंटर लिनक्सवर त्रास देतो. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन आणि बायोमेट्रिक यंत्रांचे ड्रायव्हरही आधी तपासावे लागतात. म्हणून कार्यालयाचे एक यंत्र अपडेट मिळणाऱ्या विंडोजवर ठेवावे आणि लॅब लिनक्सवर न्यावी.

हे काम उन्हाळी सुट्टीत करावे, पण भारनियमनाचे वेळापत्रक हातात घेऊन. बढती चालू असताना वीज गेली तर प्रणाली अर्धवट राहण्याचा आणि यंत्र सुरूच न होण्याचा धोका असतो. चालू बॅटरीचा यूपीएस नसेल त्या शाळेतले यंत्र तालुक्याला गटसाधन केंद्रात आणावे. जिल्ह्याच्या अकराही तालुक्यांत तंत्रस्नेही शिक्षक आहेत, ग्रामपंचायतींत संगणक परिचालक आहेत. त्यांना दोन दिवसांचे प्रशिक्षण द्यावे आणि या कामाचे मानधन वेळेवर द्यावे.

जूनमध्ये शाळा उघडतील, तेव्हा कारखान्यांवरून परतलेल्या ऊसतोड कामगारांची मुलेही वर्गात असतील. त्यातल्या अनेकांच्या घरी संगणक नाही, शाळेतला हाच त्यांचा. परिपत्रक उन्हाळी सुट्टी लागण्याआधी निघावे, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक संगणक शिक्षक
ता. केज, जि. बीड